द्वारकेचा दीपस्तंभ

बडोद्याहून द्वारकेस जाणारी आपली मंडळी गोमतीत स्नान करतात, द्वारकाधीशाचे दर्शन घेतात, बेटावर जाऊन येतात आणि दांडिया बाजारात परतल्यावर घरोघर प्रसाद वाटतात. समुद्रकाठचा चौकोनी दीपस्तंभ मात्र बहुतेकांच्या यात्रेत नसतो. येथील दीपाचा पूर्वेतिहास गायकवाडी अमलातला, म्हणून ही उपेक्षा आम्हांस खटकते.

ओखामंडळाचा हा किनारा एके काळी गलबतांचा काळ होता. वाघेरांच्या चांचेगिरीस आळा घालण्यासाठी इंग्रजांनी तो मुलूख जिंकला व १८१७ मध्ये गायकवाडांच्या हवाली केला. वाघेरांस केवळ लुटारू म्हणून मोकळे होणे आम्हांस पटत नाही. त्यांच्या दृष्टीने मुलूख त्यांचा होता आणि दूरच्या बडोद्याचे कामदार परके होते. १८५९ मध्ये जोधा माणेक व त्याचा पुतण्या मुळू यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी द्वारका व बेट काबीज केले; ते परत घेण्यास इंग्रजी आरमार आणावे लागले. १८६८ मध्ये मुळू मारला गेला. पुढे झवेरचंद मेघाणींनी ‘सोरठी बहारवटिया’त या काका-पुतण्यांच्या कथा आणल्या. आपल्या दरबारी इतिहासात त्यांना तेवढी जागा मिळालेली नाही.

ज्या किनाऱ्याचे भय वाटे, त्याच किनाऱ्यावर मग वाट दाखविणारा दीप लागला. दिवसा खलाशांना मंदिराचे शिखर ही खूण होतीच. प्रश्न रात्रीचा होता. जुन्या वर्णनांनुसार मनोरा ४० फूट उंच, दीप समुद्रसपाटीपासून ७० फुटांवर आणि प्रकाश १० मैलांवरून दिसणारा. हे दहा मैल केवळ वातीच्या तेजाचे नव्हेत. पृथ्वी गोल असल्याने ७० फुटांवरील ज्योत त्याहून फार दूर गेल्यास क्षितिजाआड बुडते. उंची दुप्पट केली तरी अंतर दुप्पट होत नाही, दीडपटीहूनही थोडे कमीच वाढते. शिवाय तो दीप स्थिर होता. स्थिर दीप किनाऱ्यावरील एखाद्या दिव्यासारखाच भासण्याचा धोका असतो. म्हणूनच पुढे ठराविक अंतराने लुकलुकणारे दीप रूढ झाले.

सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १९२६ मध्ये, ओखा बंदर सुरू झाले. १९४९ मध्ये संस्थान विलीन झाले. आजचा ४३ मीटर उंचीचा मनोरा त्यानंतरचा, १९६२ सालचा. तो उभा राहून तीनच वर्षे होतात तोच, सप्टेंबर १९६५ मध्ये, पाकिस्तानी युद्धनौकांनी द्वारकेवर तोफा डागल्या.

आम्ही दुपार कलल्यावर वर चढलो. एका बाजूस बावन्न गजी ध्वजा, दुसऱ्या बाजूस नुसते पाणी. पुढील यात्रेत वाचकांनी एक संध्याकाळ यासाठी राखून ठेवावी. पायऱ्या मात्र पुष्कळ आहेत. वडीलधाऱ्यांनी खालीच वाऱ्यावर बसलेले बरे.