पाणी बघायला

उन्हाळा लागला की आमच्या बँकेत दोन गोष्टींना ऊत येतो, काउंटरपुढच्या गर्दीला आणि सहकाऱ्यांच्या प्रवासबेतांना. कोणी मनालीला निघतो, कोणी उटीला. यंदा मीही जाहीर करून टाकलं, "आम्ही पैठणला."

हेडकॅशिअर बंडल अर्धं मोजून थांबले. "पैठणला? ऐन मे महिन्यात? काय बघायला?"

"पाणी," मी म्हणालो.

आता तुम्ही म्हणाल, हा विनोद झाला. मुळीच नाही. जालन्याला सोन्याचा पाळणा म्हणतात. पण त्या पाळण्यातल्या बाळाला न्हाऊ घालायचं तर आमच्या गल्लीत मे महिन्यात मुहूर्त काढावा लागतो. नळ आठव्या-दहाव्या दिवशी येतो, तोही अपरात्री. कॉमर्सच्या पदवीचा उपयोग म्हणून मी घरी बादल्यांची खतावणी ठेवतो. प्यायचं इतकं, धुण्याचं तितकं आणि अखेरची शिल्लक टिपाडाच्या तळाशी.

तर अंबड, पाचोड करीत एस.टी.नं निघालो. आई, सौ., दोन मुलं, मी आणि पाच लिटरचा एक रिकामा कॅन. हा कशाला म्हणून विचारलं, तर सौ. म्हणाली, "असू द्या. उपयोगी पडतो."

पैठण म्हणजे जुनं प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी, हे मुलांना सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात धाकट्याला रसवंती दिसली. दोन हजार वर्षांचा इतिहास चार ग्लास रसात विरघळला. पैठणीच्या दुकानात सौ.नं एका मोराच्या पदरावरून नुसता हात फिरवला. किंमत मी ऐकली, तिनं माझा चेहरा बघितला आणि आम्ही बाहेर पडलो.

गावातल्या नाथांच्या वाड्यात रांजण आहे. प्रत्यक्ष देव श्रीखंड्या होऊन बारा वर्षं इथं पाणी भरत होता, अशी कथा. आई हात जोडून उभी होती. मी सौ.ला हळूच म्हणालो, "बाराच? मला तर अठरा झाली."

"देव भरताना सांडत नव्हता," सौ. म्हणाली.

संध्याकाळी नाथसागराच्या काठी गेलो. या जायकवाडी धरणाची पायाभरणी 1965 साली लालबहादूर शास्त्रींनी केली, उद्घाटन 1976 साली इंदिरा गांधींनी. दरवाजे 27. धरण आधी बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ व्हायचं होतं. जागा बदलली, नाव तेच राहिलं. खातं दुसऱ्या शाखेत गेलं तरी पासबुकावर जुनाच शिक्का, तसं. मे महिना असूनही पाणी नजर पोचेल तिथवर होतं. आमच्या जालन्याचं पाणीही इथूनच निघतं. एस.टी. दोन-अडीच तासांत पोचते. हे वाटेत कुठं चहाला थांबतं कोण जाणे!

रात्री धर्मशाळेत मुक्काम केला आणि पहाटे घाटावर गेलो. पाणी गुडघाभरच, पण मुलं म्हशींसारखी डुंबत होती. आई पायरीवर बसली. एक तांब्या डोक्यावर, एक अंगावर, आणि उठली.

"आई, अगं अख्खी गोदावरी आहे समोर!"

"आहे रे," ती पदर पिळत म्हणाली, "पण मागच्यांना लागंल ना."

1972च्या दुष्काळात ती पोरवयात खडी फोडायला जायची. दिवसभराच्या कामावर वाट्याला एक तांब्या पाणी यायचं, तेही रांग लावून. मुलं डुंबायची थांबून तिच्याकडं बघत राहिली. मीही एरवी काहीतरी बोललो असतो, पण गप्प बसलो.

दुपारी जालन्यात उतरलो. गल्लीच्या तोंडाशीच शेजारच्या काकू भेटल्या. "अहो, होतात कुठं तुम्ही? काल रात्री नळ आला होता! चांगला दोन तास! मी दार वाजवून वाजवून दमले."

मी सौ.कडं बघायचं टाळलं. तिनं पिशवीआडून कॅन काढला. धर्मशाळेच्या नळावर काठोकाठ भरलेला.

"म्हटलं होतं ना," ती म्हणाली, "उपयोगी पडतो म्हणून."