आबांची तीनशे पंधरा

आमच्या पिढीच्या सगळ्या चुलत-आते भावंडांना एक आवाज अजून ओळखू येतो. बोल्ट पुढे ढकलला की अर्ध्यातच ‘खट्’, आणि त्यामागोमाग आबांची एक शिवी. बंदुकीचा बार आम्ही क्वचितच ऐकला. अडकल्याचा आवाज मात्र ओट्यावर नेहमीचा.

गाव बुलढाणा-खामगाव रस्त्याला, बोथ्याच्या जंगलाच्या कडेचं. रात्री डोंगर उतरून रानडुकरं भुईमुगात नि ज्वारीत शिरत, रोही तुरीत. पीक संरक्षणाच्या परवान्यावर आबांनी रायफल घेतली होती, .315 बोअरची, बंगालातल्या इशापूरच्या सरकारी कारखान्यात झालेली. डुकरं हाकलायला रायफल कशाला, बारा बोर पुरते की, असं कुणीही जाणता शेतकरी विचारेल. बरोबरच आहे. आबांचं उत्तर ठरलेलं होतं, “बारा बोर तं कोनाच्याही घरी हाये.”

या बोअरची जन्मकथा आम्हाला धड्यासारखी पाठ होती. लष्कराच्या .303 ची काडतुसं फुटून बाहेर जाऊ नयेत म्हणून इंग्रज सरकारनं ते माप इथल्या सामान्य माणसाला बंद केलं. मग ऑस्ट्रियाच्या जुन्या मानलिखर काडतुसाचं 8 मिलिमीटरचं माप घेऊन, पण घाट ली-एनफिल्डचाच ठेवून, हिंदुस्थानी गिऱ्हाइकासाठी शिकारी रायफली बनू लागल्या. पुढे इशापूरनंही त्या केल्या. आबांच्या काडतुसांच्या बुडावर ‘के. एफ.’ अशी अक्षरं असत, म्हणजे खडकीचा दारूगोळा कारखाना. मलकापूरच्या पुढे वरणगावलाही असाच कारखाना आहे, आणि तिथं नोकरी लागलेला आमचा एक दूरचा मामा लग्नात भेटला की आबा त्याला बाजूला घेऊन बंदुकीचं गाऱ्हाणं सांगत. तो बिचारा तिथं हिशेबनीस होता.

दोष बंदुकीचा जन्मजात नव्हता, तो घरी आणलेला होता. मूळचा दस्ता बैलगाडीखाली येऊन फुटला, तेव्हा गावच्या सुतारानं सागाचा नवा करून दिला. काम इतकं देखणं की पाहुण्यांना मुद्दाम दाखवत. ते कायद्यात बसत होतं का, हे सांगायला आता कोणी उरलेलं नाही. मॅगझिन विहिरीत पडलं. कुणाच्या हातून, यावर अजूनही दोन तट आहेत. मोठ्या काकांची मुलं धाकट्या काकांचं नाव घेतात, आणि धाकट्यांची मुलं उलट. विहीर उपसून झाली, गाळ निघाला, दोन बादल्या निघाल्या, मॅगझिन काही निघालं नाही. मग दुसऱ्या एका जुन्या रायफलीचं आणून बसवलं आणि तिथून खटखट सुरू झाली.

काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे यावी लागते. मागे राहिली तर बोल्ट ढकलताना वरचं काडतूस खालच्याला अडतं आणि दोघंही तिथंच रुतून बसतात. हे आम्हा मुलांनाही कळत होतं. पण नीट भरूनही अडायचं तेव्हा आबा हात टेकत.

बंदूक दुरुस्त करायलाही 1959 च्या शस्त्र कायद्यानं परवाना लागतो, त्यामुळे गावच्या लोहाराला आबांनी हात लावू दिला नाही. शेवटी खामगावहून परवानावाले मिस्त्रीचाचा आले. एस.टी.नं आले की सायकलवर, यावरही आमच्यात एकमत नाही. आजीच्या ट्रंकेत खरी काडतुसं कुलुपात गेली आणि किल्ली तिच्या कमरेला. चाचांच्या पिशवीतून नकली निघाली, दारू नाही, टोपी नाही, पितळेच्या रिकाम्या केसला पुढे लाकडाची टोकं.

“पोट्टेहो, दूर बसा,” म्हणाले, पण चिमणी धरायला आम्हालाच बोलावलं. चिमणीच्या ज्योतीवर त्यांनी नकली काडतुसाला काजळी धरली, मॅगझिनमध्ये घातलं आणि बोल्ट सावकाश पुढे नेला. काढून पाहिलं तर काजळी एकाच बाजूला घासलेली. मॅगझिनच्या वरच्या दोन पात्यांना ते ओठ म्हणत. डावा ओठ आत दबलेला होता, काडतूस वेळेवर सुटत नव्हतं आणि नाक चेंबरच्या तोंडाखाली आदळत होतं. शिवाय सुताराच्या त्या देखण्या दस्त्याचं लाकूड मॅगझिनला टेकून त्याला किंचित तिरपं करत होतं.

“आबासाहेब, याचं मॅगझिन याच्यासोबतच जन्माले येते. दुसऱ्याचं चालते, पन मनवा लागते.” ही काही त्यांची शेखी नव्हती. ली-एनफिल्डची मॅगझिनं लष्करातही ज्या त्या रायफलीला हातानं जुळवून देत. एकाचं दुसरीत बसतं, पण काडतूस सुरळीत देईलच असं नाही.

कानस त्यांनी बराच वेळ पिशवीतून काढलीच नाही. आधी लाकूड खरवडलं. मग पक्कडीनं ओठ केसभर बाहेर, पुन्हा काजळी, पुन्हा बोल्ट, पुन्हा केसभर. बोल्ट आणि चेंबरच्या पोलादी घराला त्यांनी कानस लावलीच नाही, कारण बाराचा सगळा जोर तिथं बसतो. थकलेली स्प्रिंग बदलली. मधे दोन वेळा चहा झाला, जेवणं थांबली, काकू आतून भांडी आपटू लागल्या. शेवटी पाचही नकली काडतुसं एकामागून एक आत गेली, बाहेर पडली, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

माझ्या मते आबांना त्या दिवसानंतर बंदुकीची गोडी कमी झाली. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर परवानगीशिवाय डुक्कर किंवा रोही मारणं हा गुन्हाच होता. जागलीला गेले तर आबा बांधाच्या मातीत एखादा बार काढत. आकाशात कधीच नाही, वर गेलेली गोळी कुठंतरी खाली येतेच, हे त्यांनी आम्हाला बजावून ठेवलेलं. डुकरं तासाभरानं परत येत. 1997 मध्ये ज्ञानगंगा अभयारण्य झालं. 2019 मध्ये टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत एक वाघ तिथं येऊन पोचला, तेव्हा भावंडांच्या ग्रुपवर पहिला प्रश्न आला तो आबांनी काय केलं असतं हाच. उत्तर एकमुखी होतं: बंदूक अडकली असती.

रायफलीचा जास्त प्रवास शेतात नाही, ठाण्यात झाला. लोकसभा असो की विधानसभा, निवडणूक लागली की ती जमा करायची, पावती घ्यायची, निकालानंतर सोडवून आणायची. आबा गेल्यावर परवाना पुढे चालवायला कुणी तयार होईना. काकांनी रीतसर परवानगी काढून ती परवानाधारक दुकानदाराला विकली.

पुढच्या निवडणुकीला शिपाई नेहमीप्रमाणे यादी घेऊन दारात हजर. आजी ओट्यावर तूर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “बंदूक कवाच गेली, बाप्पा. आता डुकरं हायेत वावरात, थे घिऊन जा जमा कराले. अन् पावती देजो.”