पेडणे-डिचोलीचे मळे आणि आपली मुलेबाळे

गोवा म्हटला की परक्या माणसाच्या डोळ्यांपुढे समुद्रकिनारा आणि जुन्या गोव्यातील भव्य चर्चे उभी राहतात. परंतु तेरेखोलची खाडी ओलांडून जो सिंधुदुर्गातून गोव्यात पाऊल टाकतो, त्याला प्रथम भेटतो तो पेडणे तालुका. शापोरा नदी आणि तेरेखोल यांच्यामध्ये हा प्रदेश पहुडलेला आहे. त्याच्या आग्नेयेस डिचोली. मये, मुळगाव, शिरगाव, साखळी ही तिची गावे. हे दोन्ही तालुके पोर्तुगीज राजवटीत अठराव्या शतकाच्या अखेरीस सामील झाले. यास्तव त्यांना ‘नव्या काबिजादी’ असे नाव पडले. साष्टी किंवा बार्देशाप्रमाणे येथे पावलोपावली चर्च दिसत नाही. ख्रिस्ती कुटुंबे थोडी, शेजार हिंदूंचा, बोली कोंकणी आणि वाचन पुष्कळ ठिकाणी मराठी. अशा या भूमीत ईश्वराने जे धन उदारपणे ठेवले आहे, ते म्हणजे तिची भाजी. तिच्याविषयीच आज प्रिय वाचकांशी चार शब्द बोलावयाचे आहेत.

येथील शेतकऱ्याचे वर्ष दोन भागांत विभागलेले असते. पावसाळी पीक ते सरद आणि हिवाळी पीक ते वायंगण. जमिनीचेही तीन प्रकार: खाडीलगतची, बांधांनी राखलेली खारी जमीन ती खाजन, मधली रेताड सपाटी ती खेर, आणि डोंगर-उतारावरील टप्प्याटप्प्यांची ती मोरड. खाजनात खारे पाणी सोसणारे कोरगुट भात पिकते. भाजीचा संसार मात्र पावसाळ्यात मोरडीवर आणि हिवाळ्यात खेरीवर थाटला जातो. यामागे साधे शहाणपण आहे. गोव्यात वर्षाकाठी सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. सपाटीवर पाणी तुंबून वेलींची मुळे कुजतात. उतारावरून ते वाहून जाते. म्हणून काकडी, दोडकी, भेंडी, पडवळ, चिबूड हे सारे पावसात डोंगराचा आश्रय घेतात.

हे काम एकट्या-दुकट्याचे कधीच नव्हते. मोकाट गुरांपासून मळा राखावयाचा तर कुंपण सलग हवे, आणि सलग कुंपण म्हणजे शेजाऱ्याशी सलोखा हवा. हिवाळ्यात पाण्याची पाळी ठरवावी लागे. झऱ्याचे पाणी आज तुझ्या वाफ्यात, उद्या माझ्या. भांडण झाले तरी पाळी चुकत नसे. गावकीची ही रीत गोव्यात फार जुनी आहे. 1526 मध्ये पोर्तुगीजांनी गावकरीच्या वहिवाटी लिहून काढल्या, तेव्हा त्यांनी काही नवे घडवले नाही. रयतेने पूर्वीच घडवलेले होते, तेच कागदावर उतरवले.

आता या मळ्यातील मुलांची कामे पाहा. ऋतूप्रमाणे ती कशी बदलत जातात, हे पाहणे मोठे आनंदाचे आहे. मृगाच्या सरी आल्या की बी टोचण्याचे काम त्यांचेच. लहान बोटांनी टोचलेले बी फार खोल जात नाही. जून महिन्यात पहिल्या पावसाबरोबर टाकळा उगवतो. गोव्यात त्याला तायकिळो म्हणतात. तो खुडून आणणे हाही मुलांचाच मान. 24 जूनला सांजांवचा सण येतो, तेव्हा पानाफुलांचे कोपेल डोक्यावर घालून पोरेटोरे विहिरींवर जमतात. वेल वर चढू लागले की मांडवाला दोऱ्या बांधणे, अळ्या वेचणे, राख भुरभुरणे ही कामे येतात. दोडकीच्या वेलीवर दोन तऱ्हेची फुले असतात. ज्या फुलामागे इवलेसे फळ लपलेले असते ते मादीफूल, आणि नुसत्या देठावर असते ते नरफूल. मधमाशी या फुलावरून त्या फुलावर गेली नाही, तर ते इवले फळ पिवळे पडून गळते. ही गोष्ट एकदा डोळ्यांनी पाहिलेले मूल माशीला उगीच मारीत नाही.

ऑगस्ट महिन्यात कणसांचे फेस्त येते. साष्टीतील राय गावी बर्फाच्या सायबिणीच्या चर्चमध्ये 5 ऑगस्टला भाताची पहिली कणसे आशीर्वादिली जातात आणि मग गावोगाव हा सण होतो. त्याच सुमारास आपल्या हिंदू शेजाऱ्यांकडे चतुर्थीची माटोळी सजते. गणपतीवरील त्या लाकडी चौकटीस काकडी, दोडकी, भोपळे, सुपारीचे घोस आणि रानातील नाना फळे बांधतात. पेडण्यात व डिचोलीत माटोळीसाठी रान धुंडाळणारी मुले आणि कणसे घेऊन चर्चला जाणारी मुले एकाच बांधावरून जातात. दोन्ही घरांना एवढे कळते, की पहिले फळ आपले नव्हे, देणाऱ्याचे आहे.

भात कापून झाले की वायंगणाचा आरंभ. शेतात ओल शिल्लक असते. तिच्यावर आळसांदे, म्हणजे चवळी, पेरली जाते. तिच्या मुळांवरील गाठींतले सूक्ष्म जंतू हवेतील नत्र जमिनीस देतात आणि पुढच्या भाताची भूक भागते. वाफ्यांत तांबडी भाजी, मुळा, वांगी, नवलकोल लावतात. तांबडी भाजी महिनाभरात हाती येते, मुळा दीड महिन्यात. उतावळ्या मुलाला हेच पीक द्यावे. नोव्हेंबरच्या आरंभी मृतांच्या दिवसानंतर पेरलेले नाताळाच्या आधी ताटात दिसते. हरमलच्या रेताड शेतात मिरची होते. तिचा रंग व चव अशी, की तिला सरकारदरबारी भौगोलिक निर्देशांकाची मान्यता मिळाली आहे. गंमत अशी, की ही मिरची मूळची अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजांतून ती आली, तिच्यामागून काजू, अननस, पपई, रताळी आली. आणि आज ती सारी आपल्याच घरची झाली आहेत.

उपासकाळात मांसाहार वर्ज्य असतो, तेव्हा मळा भरात असतो. हाही योग पाहण्यासारखा. पुढे एप्रिल-मे महिन्यांत पाणी आटते आणि बियाण्याचे काम येते. वेलीवरचे पहिले धष्टपुष्ट फळ कोणी तोडावयाचे नाही, ते बीजासाठी. काकडीचे बी राखेत घोळून वाळवतात, दोडकी चुलीवर धुरात टांगतात. ईस्टरनंतरच्या तिसऱ्या सोमवारी म्हापशाला मिलाग्रिस सायबिणीचे फेस्त भरते. पावसाळ्याची बेगमी, म्हणजे पुरुमेंत, तेथे घेतली जाते. लोककथा अशी, की ही सायबीण सात बहिणींपैकी एक. शिरगावची लईराई आणि मोरजीची मोरजाई या तिच्या बहिणी. ही लोकांची कथा आहे, आपल्या श्रद्धेचा सिद्धान्त नव्हे. परंतु ज्या शेजाऱ्यांनी अशी कथा रचली, त्यांनी एकमेकांस परके मानले नाही, एवढे तीतून खचित दिसते.

येथवर जे लिहिले ते सारे आज जसेच्या तसे उरले आहे काय? सत्य सांगणे प्राप्त आहे. डिचोलीच्या डोंगरांतून लोखंडाचे खनिज काढले गेले. पावसाबरोबर खाणींची माती शेतांत उतरली. शिरगावात खड्डे भूजलाच्याही खाली गेले आणि विहिरी आटल्या. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील खाणकाम थांबवले, 2018 मध्ये ते पुन्हा थांबले, आणि अलीकडे नव्या लिलावांनंतर काही ठिकाणी सुरू झाले आहे. खाणीवर ज्यांची चूल पेटत होती त्यांचे दुःखही खरेच होते. परंतु गाळाने भरलेल्या शेतात परत जाणे सोपे नाही. पेडण्याच्या मोप पठारावर 2023 च्या जानेवारीपासून विमाने उतरू लागली आणि भोवतालच्या जमिनीचे भाव चढले. ज्याच्या बापाने मोरडीवर भेंडी लावली, त्याच्या दारात आता गिऱ्हाईक उभे असते, आणि ते भेंडीचे नव्हे, जमिनीचे. तिलारीचे पाणी कालव्याने दारापर्यंत आले. पाण्याची वाट पाहणारे हात मात्र नोकरीस गेले.

याचा परिणाम आपण ताटात पाहतो. गोव्याची पुष्कळशी भाजी बेळगावहून चोर्ला घाटाने येते. 2020 च्या मार्च महिन्यात महामारीमुळे सीमा बंद झाल्या, तेव्हा काही दिवस ती अडली. त्या दिवसांत ज्याच्या परसात चार वाफे होते तो शेजाऱ्याला मूठभर भाजी देऊ शकला. ज्याच्यापाशी पैसे होते पण वाफा नव्हता, तो दार लावून बसला. वसईच्या वाडीवाल्या बांधवांना हे अधिक समजावून सांगावयास नको.

मग करावे काय? आपल्या धर्मग्रामांत चर्चच्या आवारात किंवा कोणा कुटुंबाच्या पडीक जमिनीत एक सामाईक मळा सहज होऊ शकतो. दहा कुटुंबे, दहा वाफे आणि पाण्याची एक पाळी, एवढे पुरे. जूनमध्ये धर्मशिक्षणाच्या मुलांनी भेंडी व काकडी टोचावी. सप्टेंबरच्या 8 तारखेस मरियेच्या जन्मोत्सवाला पहिली भाजी वेदीपुढे आणावी. नोव्हेंबरात आजोबांनी मुलांना वाफे ओढावयास शिकवावे. तांबडी भाजी नाताळापूर्वी गावातील आजारी व एकाकी माणसांच्या घरी जावी. मे महिन्यात आयाबायांनी बियाणे वाटून घ्यावे. खत, रोप, कीड यांविषयी शंका आली तर विचारावयास जागा आहेत. जुन्या गोव्यात एला येथे किनारी शेतीची केंद्रीय संशोधन संस्था आहे, आणि केपे तालुक्यातील सुळकर्णे येथे सालेशियन धर्मगुरूंनी 2015 मध्ये गोव्यातले पहिले कृषी महाविद्यालय सुरू केले आहे. त्याच वर्षी पोप फ्रान्सिस यांनी सृष्टीच्या काळजीविषयी विश्वपत्र लिहिले. ते वाचून कपाटात ठेवण्यापेक्षा एक वाफा खणलेला बरा.

आपल्या पवित्र सभेने शेतकऱ्याला कधी हलके लेखले नाही. गोंयच्या सायबाला, संत फ्रान्सिस झेवियरला, 12 मार्च 1622 रोजी संतपद जाहीर झाले. त्याच दिवशी, त्याच सोहळ्यात, माद्रिदजवळ दुसऱ्याच्या जमिनीवर नांगर धरणारा इसिदोर नावाचा एक मजूरही संत ठरला. एकाने समुद्र ओलांडले, दुसऱ्याने आपले शेत सोडले नाही. सभेने दोघांना एकाच दिवशी वेदीवर बसवले. जुन्या गोव्यास सायबाच्या फेस्ताला जाणाऱ्या आपल्या लेकरांना ही दुसऱ्या संताची गोष्टही सांगावी. येत्या मृगाला त्यांच्या हाती मूठभर बी द्यावे आणि अंगणातली एक हात जमीन दाखवावी. उगवणे न उगवणे देवाच्या हाती आहे. बी टोचणे मात्र आपल्या हाती आहे.