चटईक्षेत्र

घराच्या भागांसाठी आपल्या भाषेत किती शब्द होते! अंगण, ओसरी, पडवी, माजघर, देवघर, कोठीची खोली, माळा, परसू. शहरातील सदनिकेत शिरताना हे शब्द एकेक करून उंबऱ्याबाहेर राहिले आणि आत आले ते दोन-तीनच : हॉल, बेडरूम, किचन. महाराष्ट्रातील खरेदीखतांत मात्र एक जुना घरगुती शब्द अजून ठाण मांडून बसला आहे. तो म्हणजे चटईक्षेत्र. २०१६ सालच्या स्थावर संपदा कायद्याने त्याची व्याख्याच करून टाकली आहे. बाहेरच्या भिंती, सज्जा आणि गच्ची वगळून घरात प्रत्यक्ष वापरता येईल अशी जी जमीन उरते, ते चटईक्षेत्र. खोल्यांच्या मधल्या भिंतींची जाडी त्यात धरली जाते. भिंतीवर चटई कशी अंथरायची, हे मात्र कायदा सांगत नाही.

हा शब्द मला खऱ्या अर्थाने उमगला तो महाराष्ट्रात नव्हे, तर कावेरीकाठच्या तिरुवैयारु या गावी. तंजावरपासून हे गाव जेमतेम तेरा किलोमीटरवर. पाच नद्यांचे पवित्र ठिकाण, असा त्याच्या नावाचा अर्थ. तिथे पंचनदीश्वराचे भव्य देऊळ आहे आणि नदीकाठी संगीतकार त्यागराजांची समाधी आहे. सतराव्या शतकात व्यंकोजी राजे भोसले तंजावरच्या गादीवर आले, तेव्हापासून १८५५ साली इंग्रजांनी ते राज्य खालसा करीपर्यंत अनेक मराठी कुटुंबे या भागात आली आणि इथलीच झाली. बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा १८०३ सालचा प्रदीर्घ मराठी शिलालेख आजही वाचायला मिळतो. माझे सासर अशाच एका कुटुंबातले. मी पुण्याची. लग्नानंतर प्रथम तिरुवैयारुला गेले, तेव्हा जुन्या वळणाची आणि तमिळ हेलाची मराठी ऐकून मला नवल वाटले, आणि घर पाहून त्याहून अधिक वाटले.

घर रुंदीला अवघे सोळा-सतरा फूट. पण लांबीला विचारू नका. पुढच्या रस्त्यापासून मागच्या विहिरीपर्यंत ते आगगाडीच्या डब्यासारखे पसरलेले. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, त्यामुळे बाजूला खिडकी नाहीच. दारापुढे बसायला उंच ओटा, त्याला तिथे ‘तिण्णै’ म्हणतात. आत गेले की मधोमध आभाळाला उघडा असलेला लहानसा चौक, म्हणजे ‘मुट्रम’. साऱ्या घराला उजेड मिळे तो या चौकातून. चौकाच्या कडेने लाकडी खांब आणि त्यांच्या पलीकडे ‘कूडम’, म्हणजे आपले माजघर. या माजघरात छताच्या तुळईला पितळी साखळ्यांनी टांगलेला झोपाळा सोडला, तर सामान म्हणावे असे काहीच नव्हते. खुर्ची नाही, मेज नाही, पलंग नाही. कोपऱ्यात कोरै नावाच्या गवताच्या चटया गुंडाळून उभ्या केलेल्या असत. पाहुणा आला की एक चटई उलगडायची, बैठकीची खोली तयार. जेवणाच्या वेळी चटया उभ्या करून केळीची पाने मांडायची. दुपारी तिथेच वामकुक्षी, संध्याकाळी तिथेच मुलांचे पाढे, रात्री तिथेच सात जणांची झोप. एकाच जमिनीवर दिवसातून पाच खोल्या येऊन जात. चटई जिथे उलगडावी ते घर, आणि ती गुंडाळून ठेवली की पुन्हा मोकळी जागा. चटईक्षेत्र ते हेच!

त्या गावाला मोठ्या घरांचे अप्रूप फारसे नसावे. त्यागराज याच गावी तिरुमंजन वीथीत राहत. भावाभावांत घराची वाटणी झाल्यावर वाट्याला आलेल्या भागात त्यांनी संसार केला आणि शिष्यांनाही तिथेच शिकवले, असे सांगतात. तंजावरच्या दरबाराचे बोलावणे त्यांनी नाकारले, हीही परंपरेने सांगितलेली गोष्ट. १८४७ साली ते निवर्तले. लहान जागेत संगीत अडत नाही, एवढे मात्र खरे.

सासरे गेल्यानंतर काही वर्षांनी ते घर विकावे लागले. दिरांचे वाटे पडले, छपराची लाकडे किडली होती, आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाईंना तिथे एकटीला ठेवणे कुणालाच पटेना. त्या आमच्याकडे चेन्नईला आल्या. आमची सदनिका पश्चिम मांबलममध्ये, तिसऱ्या मजल्यावर : दहा बाय चौदाची बैठकीची खोली, दहा बाय दहाची झोपण्याची खोली आणि दोन माणसे उभी राहिली की भरून जाणारे स्वयंपाकघर. चटईक्षेत्र ३८० चौरस फूट. राहणारे आम्ही दोघे आणि दहावीत गेलेली मुलगी. आता चौथे माणूस आले. सोबत एक पत्र्याची ट्रंक, झोपाळ्याची फळी, कृष्णाचे एक तंजावरी चित्र आणि नवरात्रातल्या बाहुल्यांची दोन खोकी.

पहिला आठवडा सासूबाई दाराजवळच्या खुर्चीवर बसून असत. हातपाय जवळ घेऊन, कुणाच्या वाटेत न येता. जणू परतीच्या गाडीची वाट पाहत असाव्यात. पाण्याचा पेला ठेवायचा तरी विचारत, “इथे ठेवू का ग?” ज्या बाईने पन्नास वर्षे एका घराच्या किल्ल्या कमरेला बाळगल्या, तिला पेला ठेवायला परवानगी लागावी, हे मला सहन होईना. घराची मांडणी बदलायची ठरवली ती त्या प्रश्नामुळे. नियतकालिकांत येते तशी शोभिवंत खोली मला नको होती. चार माणसांपैकी प्रत्येकाला न विचारता पेला ठेवता यावा, एवढेच हवे होते.

प्रथम मोजपट्टी घेतली. आमचा दुहेरी पलंग पाच फूट रुंद आणि साडेसहा फूट लांब. म्हणजे शंभर चौरस फुटांच्या खोलीतील जवळजवळ तिसरा हिस्सा त्याने अडवलेला, आणि तोही दिवसाचे सोळा तास रिकामा राहण्यासाठी. पलंग विकून टाकला. जपानी घरांत आजही अनेक ठिकाणी गाद्या सकाळी घडी करून भिंतीतील कपाटात ठेवतात आणि त्याच खोलीत दिवसभर वावरतात. आपल्याकडेही वळकटीची हीच रीत होती. गुडघे दुखणाऱ्या माणसाला मात्र जमिनीवरून उठणे कठीण, म्हणून सासूबाईंसाठी अडीच फूट रुंदीची, आपल्या उंचीला बेताची अशी एक खाट भिंतीलगत ठेवली. तिच्याखाली ट्रंक सरकली. आजी आणि नात यांना ती खोली दिली. आम्ही दोघे बाहेर गादी घालू लागलो. नातीचे अभ्यासाचे मेज म्हणजे भिंतीला बिजागऱ्यांनी लावलेली एक फळी. वापर झाला की खाली सोडायची.

मग भिंतींकडे पाहिले. जुन्या घरात भिंती जाड, त्यामुळे त्यांत कोनाडे कोरलेले असत. दिव्याचा कोनाडा, पोथीचा कोनाडा, पानसुपारीचा कोनाडा. शहरातील भिंत चार-साडेचार इंचांची. ती कोरायची म्हणजे शेजाऱ्यांच्या घरात हात घालणे. म्हणून कोनाडे आत कोरण्याऐवजी बाहेर काढले. सासूबाईंच्या खाटेच्या उशाला, बसल्या जागी हात पोहोचेल अशा उंचीवर, नऊ इंच खोलीची तीन फडताळे बसवली. त्यांत काय ठेवायचे, हे ठरवण्याचा अधिकार केवळ त्यांचा. चष्मा, रेडिओ, औषधे, विभूतीची डबी, सासऱ्यांचे छायाचित्र. आणि पाण्याचा पेला. याखेरीज दाराच्या डोक्यावरून साऱ्या खोलीभर एक फळी फिरवली. ती आमचा माळा. वर्षातून दोनदा लागणाऱ्या वस्तूंनी रोजच्या हाताची जागा अडवू नये, हे तत्त्व आपल्या आज्यांना ठाऊक होते.

उजेडाचा प्रश्न उरला. आमच्या सदनिकेलाही दोन बाजूंना सामाईक भिंती, आणि चौक तर नाहीच. खिडकीला लागून सात फुटी लाकडी कपाट होते. ते आतल्या भिंतीला नेले, तेव्हा खोलीत दुपारी दिवा लावण्याची गरज संपली. भिंतींना पांढरा रंग दिला. दोन खोल्यांमधील दाराला पडद्याऐवजी बांबूची चिक लावली; ती अर्धी सोडली तरी आड होते आणि वाराही खेळतो. या साध्या बदलांचा उपयोग महागड्या छतांपेक्षा अधिक होतो, असे माझे मत आहे. छताखाली आणखी एक खोटे छत बांधून त्यात दिवे लपवण्याची जी पद्धत आहे, तिने आधीच ठेंगणी असलेली खोली आणखी ठेंगणी होते आणि पालींची सोय होते.

तंजावरी चित्राची जागा ठरवताना मी त्याला खिडकीसमोर लावणार होते. सासूबाई म्हणाल्या, “अगं, त्याला ऊन कशाला? अंधार दे.” त्यांच्या म्हणण्यात शास्त्र होते. ही चित्रे लाकडी फळीवर कापड चिकटवून करतात. दागिने आणि महिरपी लेपाने उंच उठवून त्यांवर सोन्याचा वर्ख आणि रंगीत खडे बसवतात. समईच्या मंद उजेडात उजळावे, यासाठीच तो वर्ख. शिवाय चेन्नईचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा. तेव्हा बाहेरच्या भिंतींना ओल धरते आणि लाकूड वाकते. म्हणून चित्र आतल्या भिंतीवर, बोळाच्या अंधाऱ्या टोकाला गेले. खाली हातभर रुंदीची फळी आणि एक निरांजन : देवघर झाले. दिवसा तो बोळ कुणाच्या लक्षातही येत नाही. तिन्हीसांजेला मात्र घरात शिरणाऱ्याची नजर प्रथम तिकडेच जाते.

स्वयंपाकघराविषयी फार सांगण्यासारखे नाही. तमिळमध्ये ज्याला आट्टुक्कल म्हणतात तो दगडी रगडा तिरुवैयारुलाच राहिला. विळी मात्र आली. विळीवर चिरायचे म्हणजे बसायला दोन फूट बाय दोन फूट जमीन हवी. ती ओट्याखालचे एक कपाट काढून मिळवली. आता मी उभी असते, त्या पाट घेऊन बसलेल्या असतात, आणि आमच्या कोपरांची टक्कर होत नाही.

लहान घराचे मोठे दाखले शोधू लागले, तेव्हा ल कॉर्बुझिए यांची गोष्ट वाचली. चंडीगड शहराचा आराखडा करणारे हे वास्तुशिल्पी. त्यांनी १९५२ साली फ्रान्सच्या समुद्रकिनारी स्वतःसाठी एक लाकडी झोपडी बांधली, ३.६६ मीटर लांब आणि तितकीच रुंद, म्हणजे बारा फूट चौरस. तीत खाट, मेज, कपाट सारे मोजूनमापून बसवलेले होते. वाचून धीर आला. पण पुढे कळले की तीत स्वयंपाकघर नव्हते, जेवण शेजारच्या उपाहारगृहात होत असे. ज्याला कुकर लावायचा नाही, त्याला लहान घराचे गणित सोपेच जाणार!

नवरात्रात खरी परीक्षा झाली. तिकडे या दिवसांत बाहुल्यांची मांडणी करतात, तिला गोलू म्हणतात. पायऱ्यांची संख्या विषम हवी. तिरुवैयारुच्या माजघरात नऊ पायऱ्या असत. इथे ट्रंक, दोन प्रवासी पेट्या, पुस्तकांची खोकी आणि मुलीच्या मेजाची फळी यांवर सासऱ्यांची धुतलेली पांढरी धोतरे अंथरून पाच पायऱ्या उभ्या केल्या. वरच्या पायरीवर सासूबाईंच्या लग्नातली लाकडी बाहुला-बाहुलीची जोडी बसली. शेजारणी हळदीकुंकवाला आल्या, तेव्हा एकीने विचारले, “एवढ्याशा घरात हे सारे ठेवता कुठे?” सासूबाई हसून म्हणाल्या, “आमच्या घरात जागा पुष्कळ आहे.” ‘आमच्या’ हा शब्द त्यांनी या घरासाठी वापरला, तो त्या दिवशी पहिल्यांदा.

राहिला झोपाळा. तो टांगावा, असे साऱ्यांच्याच मनात होते. पण तुळईला कडी ठोकणे निराळे आणि काँक्रीटच्या छताला माणसाचा हलता भार टांगणे निराळे. स्लॅब ओततानाच कडी बसवलेली नसेल, तर अभियंत्याला विचारल्याशिवाय छताला हात लावू नये. आम्ही विचारले, त्याने नकार दिला. तेव्हा साडेचार फुटांची ती सागवानी फळी बैठकीच्या खिडकीखाली दोन बुटक्या पेट्यांवर टेकवली. पेट्यांत गाद्या-चादरी मावल्या. वर बसले की खालचा रस्ता, भाजीवाला आणि समोरचे कडुनिंबाचे झाड दिसते. सासूबाई तिला तिण्णै म्हणतात. सकाळी त्या तिथे वर्तमानपत्र वाचतात, दुपारी शेजारची दोन मुले तिथे गृहपाठ करतात आणि रात्री माझे यजमान पाय वर घेऊन बसतात. फळीच्या चार कोपऱ्यांना साखळ्यांची भोके तशीच आहेत. साखळ्या त्यांनी कुणाला दिल्या नाहीत, विकूही दिल्या नाहीत. त्या ट्रंकेच्या तळाशी असतात. नवरात्राच्या आधी त्या बाहेर निघतात, चिंचेने घासल्या जातात, पुसून कोरड्या होतात आणि जुन्या साडीत गुंडाळून पुन्हा आत ठेवल्या जातात.