लष्करी अळी, पण नक्की कोणती?

भादव्यात पाऊस जरा उघडला की इनबॉक्समध्ये एकच प्रश्न येतो. "दादा, लष्करी अळी आलीय, काय मारू?" माझा उलटा प्रश्न ठरलेला आहे, कोणती? मग समोरचा वैतागतो. दुकानदार असलं काही विचारत नाही, तो सरळ बाटली काढून देतो.

पण आपल्याकडे 'लष्करी अळी' हे आता एका किडीचं नाव राहिलेलं नाही. भाताच्या लोंब्या कातरणारी ती लष्करी, मक्याच्या पोंग्यात बसणारी ती लष्करी, अळूची जाळी करणारी तीपण लष्करी. डोंबिवलीच्या कडेला कल्याण-शीळ रोडच्या आत आमच्यासारख्यांची जी काही खाचरं उरलीत, तिथे ही गल्लत जास्त होते. खाली भात, बांधावर भेंडी नि अळू, वरकस तुकड्यावर पावसाळी मका, सगळं एका हाकेच्या अंतरावर. सगळ्या किडी एकाच रानात भेटतात आणि औषध मात्र एकाच बाटलीतलं सगळीकडे जातं.

यातली नवी पाहुणी म्हणजे मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी, शास्त्रीय नाव स्पोडोप्टेरा फ्रुजीपर्डा. नवी आपल्यासाठी. अमेरिकेत तिला १७९७ मध्येच नाव मिळालंय. २०१६ मध्ये ती आफ्रिकेत सापडली आणि २०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकात शिवमोग्याच्या कृषी विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांना मक्यावर दिसली. अळी नि पतंग दोन्ही तपासून, जनुकीय चाचणी करून त्यांनी ओळख पक्की केली. त्याच सप्टेंबरात ती सोलापूर जिल्ह्यात होती, पुढे सांगलीकडे उसावरही दिसली. चार महिन्यांत एवढा पल्ला कसा, तर हिचा पतंग एका रात्रीत १०० किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो. शिवाय कडाक्याच्या थंडीत ती तग धरत नाही, आणि आपल्या कोकणात थंडी असते कुठे?

नावाचा अजून एक घोळ इथेच सांगून टाकतो. 'अमेरिकन बोंडअळी' म्हणजे आपली हरभऱ्यातली घाटेअळी, हेलिकोव्हर्पा. ती मुळात अमेरिकेची नाहीच. आशिया-आफ्रिकेची कीड, अमेरिका खंडात तिची नोंद झाली २०१३ मध्ये, ब्राझीलमध्ये. म्हणजे अमेरिकन म्हणवणाऱ्या दोघींतली एकच खरी अमेरिकन. नावावर जाऊ नका, अंगावर बघा.

अंगावर काय बघायचं? अळी थोडी मोठी होऊ द्या. अंड्यातून नुकत्या निघालेल्या अळ्या नुसत्या डोळ्यांनी कोणालाच वेगळ्या करता येत नाहीत, मी करतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. तिसऱ्या अवस्थेपासून पुढे डोक्यावर फिकट रेघेची उलटी बेचकी दिसते, इंग्रजी वाय उलटा धरल्यासारखी. बहुतेक पोस्टर इथेच थांबतात. पण अशी पुसट बेचकी तिच्या भावकीतल्या दुसऱ्या अळ्यांच्या डोक्यावरही असते, तेवढ्यावर निकाल देऊ नका. अळी उलट्या टोकाकडून बघा. शेपटीच्या आधीच्या कड्यावर चार ठसठशीत काळे ठिपके, फाशावरच्या चौक्यासारखे चौकोनात. त्याच्या पुढच्या कड्यांवरही चार-चार ठिपके असतात, पण ते चौकोनात नसतात, पुढचे दोन जवळ नि मागचे दोन लांब. बेचकी आणि चौका दोन्ही मिळाले तर ती हीच.

आता भावकी. अळू, एरंड, कोबी, सोयाबीन खाणारी ती स्पोडोप्टेरा लिट्युरा, पुस्तकात तंबाखूवरची पाने खाणारी अळी. हिला चौका नसतो. पायांच्या मागे पोटाचं पहिलं कडं सुरू होतं तिथे दोन्ही बाजूंना मोठा काळा डाग असतो, आणि अंगावर पिवळसर रेघ. दोघींची अंडी पुंजक्यात, वरून मऊ केसांनी झाकलेली, त्यामुळे अंड्यांवरून भांडत बसण्यात अर्थ नाही.

भातातली लष्करी वेगळ्या घराण्यातली, मिथिम्ना सेपराटा. अंगावर लांबच्या लांब पट्टे, डोक्यावर जाळीदार नक्षी, चौका नाही. दिवसा चुडाच्या बुडात नि जमिनीच्या भेगांत लपते, रात्री वर चढते. सकाळी खाचरात कातरलेल्या लोंब्यांचा सडा पडला असेल तर हीच. गावातली म्हातारी माणसं हिला पिढ्यानपिढ्या ओळखतात, हिच्यात नवीन काही नाही.

"मक्यावरची भातावर येणार काय?" हा प्रश्न भातवाले हमखास विचारतात. भीती अगदीच हवेतली नाही. फ्रुजीपर्डाचे दोन गट आहेत, एकाचा ओढा मक्याकडे, दुसऱ्याचा भात नि गवताकडे, दिसायला दोन्ही सारखेच. पण भारतात तिने ठाण मांडलं ते मक्यावर. म्हणून खाचरात लोंब्या तुटलेल्या दिसल्या की मक्याचं औषध उचलू नका, आधी बुडात हात घालून अळी काढा आणि शेपटी बघा.

मक्यातही प्रत्येक भोक हिचं नसतं. पान उलगडल्यावर आडव्या ओळीत बारीक टाचणीची भोकं दिसली तर खोडकिड्याची शंका घ्या. हिची भोकं मोठी, कडा फाटक्या, आणि पोंग्यात लाकडाच्या ओल्या भुशासारखी विष्ठा साचलेली. मोठ्या अळ्या एकमेकींना खातात, त्यामुळे एका पोंग्यात बहुतेक वेळा एकच मोठी अळी निघते. "दहा झाडं उकलली, दहाच अळ्या, म्हणजे कमी आहे" असा हिशेब करू नका. दहात दहा म्हणजे शंभर टक्के झाडं गेली की!

खरी फसगत होते सापळ्यात. एकरी ५ कामगंध सापळे लावा म्हणतात, लावायलाच पाहिजेत. पण त्यात पडलेला प्रत्येक पतंग फ्रुजीपर्डा नसतो. तिच्या ल्युअरला मिथिम्ना लोरेयी नावाचा दुसराच पतंग येतो. तो वाळल्या पेंढ्याच्या रंगाचा, पुढच्या पंखाच्या मध्यावर बारीक पांढरा ठिपका. त्याला फ्रुजीपर्डात मोजलं की आकडा फुगतो आणि विनाकारण पंप पाठीवर चढतो. फ्रुजीपर्डाच्या नराच्या पुढच्या पंखावर, बाहेरच्या टोकाशी पांढरा तिकोनी डाग असतो आणि मधोमध तिरका फिकट ठिपका. सापळ्यात नरच येतात म्हणून ही खूण कामाला येते. लिट्युराच्या पंखावर फिकट रेघांचं जाळं असतं, एकदा बघितलं की विसरत नाही.

सरावाला शेतातच जायला पाहिजे असं नाही. आमच्या बांधापलीकडे टॉवर उभे राहिलेत, त्यांच्या गेटचे दिवे रात्रभर जळतात. सकाळी झाडूवाले येण्याआधी तिथे भिंतीवर पतंग चिकटलेले असतात. वॉचमन आता मला ओळखतो. फक्त तिथे माद्याही असतात, आणि फ्रुजीपर्डाची मादी नुसती करडी-तपकिरी, खुणेशिवायची. तिच्यावर मी कधी पैज लावत नाही.

ही सगळी ओळखपरेड कशासाठी, तर तीन ठिकाणची कामं वेगळी आहेत. मक्यात पाच जागी वीस-वीस झाडं बघा. रोप लहान असताना ५ टक्के झाडांवर नुकसान दिसलं की हालचाल करा, पोंगे मोठे झाल्यावर १० टक्क्यांच्या पुढे. अंड्यांचे पुंजके आणि बारीक अळ्या असताना हाताने चिरडणं, निंबोळीचं १५०० पीपीएम औषध लिटरला ५ मिली, किंवा पोंग्यात वाळू नि चुना ९ ला १ मिसळून टाकणं, एवढ्यावर भागतं. पुढे गेलीच तर इमामेक्टिन बेंझोएट ५ एसजी लिटरला ०.४ ग्रॅम किंवा क्लोरँट्रानिलीप्रोल १८.५ एससी ०.४ मिली, तेही नोझल पोंग्यात धरून, संध्याकाळी. वरवर पान ओलं करून भुशाखालच्या अळीला काही होत नाही. आणि आपला पावसाळी मका स्टेशनजवळ भाजून लगेच खाल्ला जातो, कणीस धरल्यावर फवारू नका.

अळूवर गोष्ट अजून सोपी. पुंजक्यातून निघालेल्या अळ्या सुरुवातीला एकाच पानावर जमलेल्या असतात. ते जाळीदार पान खुडायचं आणि साबणाच्या पाण्यात बुडवायचं. अळूवडीचं पान फवारून विकायचं नाही हा आमच्या घरचा नियम आहे, आईचा.

भातात बांध स्वच्छ ठेवा, पाणी असेल तर खाचर भरून घ्या म्हणजे अळ्या वर येतात आणि बगळे बाकीचं बघतात. बेडूक मारू नका, पकडू देऊ नका. ते या अळ्या खातात म्हणून कृषी विद्यापीठाच्या सल्ल्यातही ते लिहिलेलं असतं. आमच्याकडे बेडूक कमी झाले ते औषधाने की भरावाने यावर पारावर वाद चालू आहे, माझं मत भरावाकडे आहे.

शंका राहिली तर जिवंत अळी पोंग्याच्या तुकड्यासकट भोकं पाडलेल्या डबीत घाला आणि कर्जतचं संशोधन केंद्र गाठा, लोकल जाते. मला फोटो पाठवत असाल तर उजेडात काढा, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा, पीक कोणतं ते लिहा. आणि तोंडाचा एक पाठवलात तर शेपटीकडचा एक पाठवाच. कालच्या अकरा फोटोंत नऊ नुसती तोंडं होती.