चौथी मात्रा

सेवानिवृत्तीला चौदा महिने उरले असता आम्ही नाचावयास शिकू लागलो, ही वार्ता पहाडगंजच्या मराठी मंडळींत पोहोचावयास आठवडाही लागला नाही. गणेशोत्सवाच्या वर्गणीसाठी आलेल्या एका स्नेह्यांनी चहाचा पेला हलकेच खाली ठेवीत विचारले, "काय हो, ऐकतो ते खरे का?" एखाद्याच्या रक्तदाबाची चौकशी करताना स्वर जसा हळुवार होतो, तसा तो झाला होता.

कल्पना आमची नव्हे. मुलगी नोकरीनिमित्त बंगळूरला गेल्यापासून रामकृष्णपुरममधले आमचे सरकारी घर संध्याकाळच्या वेळी फार मोठे वाटू लागले होते. सौ. माहेरी मंगळागौरीला रात्रभर फुगड्या घालीत असे, असे तिच्या बहिणी सांगतात. पुढे आठ बदल्यांच्या बांधाबांधीत तो उत्साह कोणत्या पेटीत गेला आणि ती पेटी कोणत्या गावी उघडावयाची राहिली, याची आम्ही कधी चौकशी केली नाही. हौज खासला एका तळघरात सालसा शिकवितात, हे तिनेच कुठूनसे ऐकून आणले आणि म्हणाली, "मी जाणार आहे. तुम्हांला यायचे असेल तर या." इतके सरळ वाक्य तिच्या तोंडून बऱ्याच वर्षांत ऐकले नव्हते, म्हणून गेलो.

आमच्या घराण्याचा नृत्याशी संबंध एवढाच की, १९५१ साली आलेला 'अलबेला' वडिलांनी तीन वेळा पाहिला होता. सी. रामचंद्रांच्या त्या परदेशी ढंगाच्या तालांवर ते मांडीवर ठेका धरीत. परंतु भगवानदादांची पावले आम्ही आरशापुढे टाकू लागताच त्यांनी आमचा कान धरला. रसिकता मांडीपर्यंत ठीक, पायांत उतरता कामा नये, असा त्यांचा दंडक होता. तो आम्ही वयाच्या एकोणसाठाव्या वर्षापर्यंत पाळला.

वर्गात गुडगाव-नोएडाच्या कंपन्यांतली तरुण मुले-मुली. मास्तर आमच्या मुलीहून लहान. दर दोन मिनिटांनी तो टाळी वाजवी आणि पुरुषांनी एक जागा उजवीकडे सरकावे. पहिल्या दिवशी सौ.चा हात एका पंचविशीच्या पोराच्या हाती गेला, आणि आमच्या हाती एका दंतवैद्य बाईंचा आला, तेव्हा आम्ही छताकडे पाहिले. तथापि एक गोष्ट लक्षात आली. दिल्लीत ओळख झाली की दुसराच प्रश्न "कोणते मंत्रालय?" हा असतो आणि तिसऱ्यात वेतनश्रेणी काढली जाते. येथे कोणी काही विचारले नाही. दंतवैद्य बाई फक्त म्हणाल्या, "अंकल, डावा पाय."

सालसा या स्पॅनिश शब्दाचा अर्थ चटणीसारखे तोंडीलावणे. क्यूबातील 'सोन' हे त्याचे मूळ. क्यूबा आणि पोर्तोरिको सोडून न्यूयॉर्कला गेलेल्या लोकांनी त्यात आणखी पुष्कळ काही मिसळले. १९६४ साली जॉनी पाचेको व जेरी मासुची यांनी तेथे फानिया ही ध्वनिमुद्रिकांची कंपनी काढली आणि सत्तरीच्या दशकात हे नाव सर्वतोमुखी झाले. या संगीताची सम्राज्ञी सेलिया क्रूझ १९६० साली क्यूबाबाहेर पडली. १९६२ साली आई वारली तेव्हा तिला परत येऊ दिले नाही. रजेचा अर्ज नामंजूर झालेला कागद ज्यांनी परगावी हातात धरला आहे, त्यांना हे संगीत इतके उल्हसित कसे, याचे नवल वाटेल. आम्हांला अजून वाटते.

त्याचा हिशेब मात्र आपल्या केरव्यासारखा आठांचा. एक-दोन-तीनवर पावले, चौथी मात्रा रिकामी. पाच-सहा-सातवर पावले, आठवी रिकामी. पुरुषाने न्यावयाचे आणि स्त्रीने जावयाचे, असे ऐकून आम्ही निर्धास्त झालो होतो. आयुष्यभर तेच केले होते. पण जोडीदारणीला गिरकी द्यावयाची तर हात तिसऱ्या मात्रेपर्यंत उचलावा लागतो. चौथ्या मात्रेला ती तो इशारा ओळखते, तोल सावरते आणि पाचवर वळू लागते. आम्ही हात उचलीत असू तोच मुळी पाचवर. मग ओढाताण होई. तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात सौ. मनगट चोळीत म्हणाली, "अहो, आधी सांगा तरी!"

बोलली ती नाचाबद्दलच. परंतु आम्हांला त्या रात्री झोप आली नाही. भोपाळला तिला एका शाळेत संगीतशिक्षिकेची जागा मिळाली होती. चौथ्याच महिन्यात आमची शिलाँगला बदली झाली. हुकुमाची कुणकुण आम्हांला तीन आठवडे आधीपासून होती. तिला सांगितले ते हुकूम हाती पडल्यावर, जेवताना, आमटी वाढून घेता घेता. तिने आमटी वाढली आणि दुसऱ्या दिवशी शाळेत राजीनामा दिला. आणि आताही, निवृत्तीनंतरसाठी कोथरूडला सदनिका पसंत करून तिचा नकाशा आम्ही टेबलाच्या खणात ठेवला होता. योग्य वेळी सांगू, असे ठरवून.

गेल्या शनिवारी गुडगावला एका उपाहारगृहात नाचाची संध्याकाळ होती. अशा ठिकाणी कोणीही कोणापुढे हात करतो, एक गाणे नाचतो, आभार मानतो आणि निघून जातो. सौ.ला मागणी फार. आम्ही लिंबूपाण्याचा पेला धरून कोपऱ्यात उभे होतो आणि तिला हसताना पाहत होतो. हे हसणे आम्हांला ओळखीचे वाटले नाही, हे लिहिताना संकोच होतो. शेवटी तिनेच येऊन हात पुढे केला. दोन वेळा चुकलो. तिसऱ्यांदा हात वेळेवर उचलला आणि मग काहीच केले नाही. ती आपणहून वळली.

परतीच्या मेट्रोत सिकंदरपूर सुटल्यावर कोथरूडचा विषय काढला, नकाशा खणात आहे हेही सांगितले. ती खिडकीबाहेर पाहत राहिली. बोलावे, समजावून सांगावे, भाव किती वाढत आहेत ते दाखवावे, असे फार मनात आले; गप्प बसलो. कुतुबमिनारचे स्थानक आले तेव्हा म्हणाली, "पुणे नको असे नाही. पण मला विचार करायला वेळ हवा. इथे आत्ता कुठे ओळखी होताहेत."

इसाऱ्याची रक्कम महिनाअखेरीस भरावयाची आहे. आम्ही मुदत मागणारे पत्र धाडले आहे. उत्तर आलेले नाही. ना तिकडून, ना घरातून.