रथचौक

चौकाचे मोजमाप चौरस मीटरांत करण्याची जी रीत आमच्या नगररचनेच्या व्यवसायात रूढ झाली आहे, ती मला नेहमीच अपुरी वाटत आली. कारण चौक किती मोठा आहे यापेक्षा तो कोणामुळे मोकळा राहिला, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा असून त्याचे उत्तर सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर सापडत नाही.

धुळ्यात ते उत्तर सोपे आहे. इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जने १८१९ च्या जानेवारीत कचेऱ्यांच्या बांधकामास मंजुरी मिळवली, दूरदूरचे कारागीर आणवले, आणि अवघ्या ४०१ घरांच्या त्या गावी वसू इच्छिणाऱ्यांना कायमच्या बिनभाड्याच्या जागा देण्याची तजवीज केली. नव्या धुळ्याचे सरळ रस्ते हे त्या सरकारी संकल्पाचे फळ होय. जुन्या जळगावातील रथचौकामागे मात्र कोणा कलेक्टराचा हुकूम नाही. संत अप्पा महाराजांनी १८७२ साली श्रीरामाचा रथ सुरू केला. कार्तिक शुद्ध प्रतिपदेपासून देवाची वहने निघतात आणि कार्तिकी एकादशीला रथ. हा लाकडी रथ माणसे ओढतात, पण मोटारीप्रमाणे त्याची चाके वळत नाहीत; त्याला थोपविणे आणि वळविणे हे सारे मोगरी लावणाऱ्यांच्या हाती असते. फिरत्या चाकाखाली नेमक्या क्षणी लाकडाची मोगरी सारायची, एका बाजूची गती अडवायची आणि दुसरी बाजू फिरू द्यायची, हे काम जितके जोखमीचे तितकेच जागा मागणारे. ज्या वळणावर वर्षातून एकदा रथ फिरलाच पाहिजे, तेथे ओटा पुढे सरकविताना घरमालकाचा हात आखडतो, असे माझे मत आहे. भिलपुऱ्यात लालशाह बाबांच्या समाधीपाशी रथ थांबतो, तेथे मुसलमान मंडळी त्याचे स्वागत करतात. म्हणजे या वहिवाटीस एकाच आळीची नव्हे, तर गावाची संमती आहे.

रोमच्या प्राचीन फोरमची कथा याच अंगाने वाचण्याजोगी आहे. दोन टेकड्यांमधील दलदलीचा निचरा करून सिद्ध झालेल्या त्या चौकातून विजयी सेनापती चार घोड्यांच्या रथात बसून ज्युपिटरच्या मंदिराकडे जात. पुढे मिरवणुका संपल्या, राज्यकारभार उठला, मातीचे थर चढले, आणि जेथे सिसेरोची भाषणे झाली त्या भूमीला लोक गुरांचे मैदान म्हणू लागले. तेथील संगमरवरानेही मोकळ्या जागेचे रक्षण केले नाही.

म्हणून जळगावच्या विकास आराखड्याची पुढील उजळणी होईल, तेव्हा रथमार्गाची हद्द मोगरी लावणाऱ्यांना वळणावळणावर उभे करून आखावी आणि रथाची वहिवाट दफ्तरी नोंदवावी, अशी माझी सूचना आहे. माझ्या व्यवसायबंधूंना ती विक्षिप्त वाटेल, पण मोजणीची साखळी त्या मंडळींच्या हाती देण्यास मला तरी काही हरकत दिसत नाही.